दोन फुटांचं जोतं

"मिस्त्री, तुम्ही बसा खुर्चीत," तृप्ती म्हणाली.

राधेश्याम मिस्त्रीनं हातातली थापी खाली ठेवली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणात उभ्या असलेल्या चाकांच्या खुर्चीकडे. "मी? मला काय झालं?"

"तुम्हाला काही झालेलं नाही. बसा, आणि हा जो रॅम्प बांधलाय तुम्ही, त्यावरून वर घरात जाऊन दाखवा. पाय टेकवायचे नाहीत. हातानं चाकं फिरवायची."

"मॅडम, तीस वर्षं झाले मला या कामात."

"म्हणूनच म्हणते. बसा."

मिस्त्री बसला. शेजारच्या गच्चीवर गहू वाळत घालणाऱ्या दोघी कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रीनं दोन-तीनदा जोरात चाकं ढकलली, खुर्ची रॅम्पच्या तोंडाशी आली, पुढची बारकी चाकं वर चढली आणि अख्खी खुर्ची मागे कलायला लागली. "अरे, अरे, धरा!" म्हणेपर्यंत घरच्या पोरानं, हरिओमनं, धावत येऊन पाठीमागून धरली म्हणून मिस्त्रीचं डोकं फरशीवर आपटायचं वाचलं. गच्चीवरच्या दोघी खो खो हसत सुटल्या. मिस्त्रीही ओशाळून हसला.

हसला नाही तो एकटा कडूबा जंजाळ. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या खोलीच्या दारात खाटेवर बसला होता. उजवा पाय मांडीपासून नव्हता. डावा होता, पण शुगरनं तोही बधिर झालेला. चप्पल पायात आहे की निसटली हे त्याला खाली बघूनच कळायचं.

तृप्तीनं पर्समधून टेप काढली, तरी मोजायची काही गरज नव्हती. दोन फूट उंचीच्या जोत्याला सहा फुटांचा उतार. हा रॅम्प नव्हता, घसरगुंडी होती.

"मी भिंतीवर लिहून गेले होते," ती म्हणाली. "हे बघा, खडूनं. अजून तसंच आहे. उंची चोवीस इंच. एका इंचाला एक फूट. लांबी चोवीस फूट."

"लिहिलं व्हतं," मिस्त्रीनं कबूल केलं. "पर मला वाटलं, तुमचं चुकून राह्यलं. चोवीस फूट उतार कुठं असतो का? तेवढ्यात माझ्या घरातला हॉल होतो."

"फोन करून विचारायचं."

"हरिओम म्हने, मोटारसायकल चढली म्हंजे झालं."

तृप्तीनं हरिओमकडे पाहिलं. हरिओम खुर्चीचा ब्रेक तपासण्यात गुंतला होता.

तिची ही धावड्याची तिसरी फेरी होती. जालन्याहून सकाळची एसटी, भोकरदनला उतरून काळीपिवळी जीप, जीप भरेपर्यंत ऊन खात थांबायचं, आणि परतीची शेवटची जीप चारला. जालन्यातल्या एका ट्रस्टच्या पुनर्वसन केंद्रात ती आठ वर्षं काम करत होती, आणि आठ वर्षांत आपण नेमकं काय करतो हे ती एकाही माणसाला एका दमात समजावू शकली नव्हती. पदाचं नाव व्यवसायोपचार तज्ज्ञ. एका सरपंचानं ते ओळखपत्रावर वाचून विचारलं होतं, "शेळीपालनाला कर्ज मिळंल का?" सख्ख्या मामाला अजून वाटत होतं की भाची कुठल्यातरी बँकेत आहे. बाकी सगळे तिला फिजिओवाली मॅडम म्हणत, आणि ती मालिश कधी सुरू करणार याची वाट पाहत. ती मात्र टेप काढून दारं मोजायला लागायची. मोरीत जाऊन फरशीवर पाय घासून बघायची. बाज किती उंच आहे, नळ कुठे आहे, रात्री दिव्याचं बटण हाताला लागतं का, असले प्रश्न विचारायची. लोकांना वाटायचं, ही घर विकत घ्यायला आली की काय.

मार्चमध्ये ती इथे पहिल्यांदा आली तेव्हाही तसंच झालं होतं. कडूबाचा पाय कापून चार महिने उलटले होते. खुर्ची कुठल्याशा शिबिरात मिळाली होती. घर चांगलं होतं, स्लॅबचं, रस्त्याकडे तोंड असलेलं, पण दोन फूट जोत्यावर, चार पायऱ्या चढून. म्हणून कडूबाची खाट या पत्र्याच्या खोलीत टाकलेली. त्याआधी तिथे सोयाबीनची पोती असायची. संडास-बाथरूम घरात, पार मागच्या टोकाला. रोज सकाळ-संध्याकाळ हरिओम बापाला पाठीवर घ्यायचा, पायऱ्या चढायचा, बाथरूमच्या दारात उतरवायचा. बाथरूमचं दार चोवीस इंच, खुर्ची पंचवीस. एका इंचासाठी कडूबा ओल्या फरशीवर हातांवर सरकत आत जायचा.

"असं किती दिवस करणार?" तृप्तीनं विचारलं होतं.

"जमून राह्यलं ना," हरिओम म्हणाला होता.

तिनं कागदावर सगळं काढून दिलं होतं. दार बत्तीस इंचांचं, बाहेर उघडणारं. खुर्चीचा संडास. बाजूला स्टीलचा आधाराचा पाइप, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर. खरबरीत फरशी. आणि रॅम्प. हरिओमनं प्रत्येक गोष्टीला मान डोलावली होती. "बराबर हे मॅडम. बिलकुल तसंच करतो."

दुसऱ्या फेरीला दार मोठं झालेलं होतं, पण आत उघडत होतं. फरशी बदलली होती, पण नवी इतकी गुळगुळीत की तृप्तीला त्यात आपला चेहरा दिसला. "सगळ्यात भारी टाइल हे ही," हरिओमनं कौतुकानं सांगितलं. पाइप हरिओमच्या खांद्याच्या उंचीवर बसवला होता आणि त्यावर टॉवेल वाळत होता. तृप्ती त्या टॉवेलकडे बघत उभी राहिली. मग पुन्हा खडू घेतला, पुन्हा खुणा केल्या, पाइपाच्या जागी भिंतीवर मोठी फुली मारली.

आणि आता हा रॅम्प.

"फोडावा लागेल," ती म्हणाली.

"आं?" मिस्त्री म्हणाला.

"आणि चोवीस फुटांचा सरळ बसणार नाही अंगणात. कुंपणाच्या कडेनं बारा फूट, कोपऱ्यात वळायला सपाट जागा, आणि मग पुढच्या भिंतीलगत बारा फूट, दारापर्यंत."

आतापर्यंत खाली बघत असलेला हरिओम झटकन उभा राहिला. "भिंतीलगत? न्हाई न्हाई. तिथं माझं शटर हे."

"कुठेय शटर?"

"येनार हे." त्यानं दाराच्या डाव्या हाताची भिंत दाखवली. "ती खोली दुकानाची. मोबाइल रिपेरिंग, झेरॉक्स. रस्त्यावरून गिऱ्हाईक सरळ आत आलं पायजे. त्याच्यासमोर तुमचा उतार आला तर लोक काय उड्या मारून येतेन का?"

तृप्तीनं घड्याळ बघितलं. अडीच. तेवढ्यात हरिओमची आई नंदाबाई चहा घेऊन बाहेर आली. बोलणं तिनं आतून ऐकलं असावं. कप हातात देत ती म्हणाली, "मागच्या दारानं काहून नेत न्हाई त्यायला? मागं जिमीन चढाची हे. दारापाशी वीतभर बी उंची न्हाई."

सगळे घराला वळसा घालून मागे गेले. खरंच तसं होतं. मागच्या दाराला जेमतेम सहा इंचांची पायरी. सहा फुटांत काम भागणार. दार आत स्वयंपाकघरात उघडत होतं आणि तिथून बाथरूम चार पावलांवर. तृप्तीला हायसं वाटलं. हे पहिल्याच दिवशी आपल्या लक्षात यायला हवं होतं, असंही वाटलं. पण लोक तिला पुढूनच आत नेत, पुढूनच बाहेर आणत; मागे काय आहे हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"मिस्त्री, सहा इंच. किती फूट?"

"सहा," मिस्त्री म्हणाला.

"आणि वर दारासमोर?"

"पाच फूट सपाट. खुर्ची वळली पायजे."

"छान," तृप्ती म्हणाली.

परत जाताना तिनं पत्र्याच्या खोलीपाशी थांबून कडूबाला सांगितलं, "काका, झालं काम. पंधरा दिवसांत तुम्ही आपले आपले आत-बाहेर करायला लागाल."

कडूबानं मान हलवली. तिनं तो होकार धरला.

*

पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मागचा रॅम्प सहा फूट, ना इंच कमी ना इंच जास्त. वरून झाडूनं रेघा मारलेल्या, चाक घसरू नये म्हणून. दोन्ही कडांना चार इंचांची पाळ. बाथरूमचं दार बाहेर उघडत होतं. फरशी खरबरीत. पाइप कोपराच्या उंचीवर, आणि त्यावर काहीही वाळत नव्हतं. मिस्त्री बाजूला उभा राहून शाळेतल्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मिस्त्री, शाबास," ती मनापासून म्हणाली. "आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या मापाप्रमाणे काम झालंय."

मग ती पुढे कडूबाच्या खाटेपाशी आली. खुर्ची लावली, ब्रेक लावला. "चला काका. तुमचं काम तयार आहे."

कडूबा म्हणाला, "न्हाई."

"काय नाही?"

"मला न्हाई जायचं."

"आत्ता नाही जायचं?"

"तिकून न्हाई जायचं."

आधी तिनं समजावलं. मग नंदाबाईनं समजावलं. हरिओम म्हणाला, "आबा, मिस्त्री चार दिस राबला तुमच्यासाठी." कडूबा पाठ वळवून भिंतीकडे तोंड करून बसला. का नाही, ते सांगेना. भीती वाटते का? न्हाई. हातात जोर नाही का? हे. खुर्ची नको का? खुर्ची चांगली हे. मग? मग काही नाही. मे महिन्यातला पत्रा वरून तापत होता आणि त्याखाली चार माणसं घामाघूम होऊन एका माणसाच्या पाठीशी बोलत होती.

साडेतीन वाजले. सकाळपासूनचं ऊन, जीपमधली चेंगराचेंगरी, तीन फेऱ्यांचा वैताग, सगळं एकदम तृप्तीच्या तोंडून बाहेर पडलं.

"काका, हा निव्वळ हट्ट आहे तुमचा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी तुमच्या एकट्यासाठी नाही फिरत. माझ्याकडे अशी चाळीस घरं आहेत. तुमचा मुलगा रोज पाठीवर नेतो, त्याच्या कमरेची काय दशा झालीय ते बघता का कधी? मिस्त्रीनं एवढं चांगलं बांधलं. आणि तुम्ही साधं बसून बघायला तयार नाही!"

कडूबानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागावलेला दिसत नव्हता.

"मंग नका येऊ," तो हळूच म्हणाला.

जीपमध्ये बसल्यावर भोकरदन येईपर्यंत ती मनातल्या मनात भांडत होती. फाइल काढून तिनं लिहिलं, 'रुग्णाचे सहकार्य नाही.' लिहून झाल्यावर तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

*

आठ दिवसांनी नंदाबाईचा फोन आला. त्यांना भोकरदनच्या दवाखान्यात ठेवलंय. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. सलाईन चालू आहे. फोन का केला ते नंदाबाईला नीट सांगता येईना. "तुमी डाक्टर लोकाशी बोला जरा," एवढंच ती म्हणत राहिली.

तृप्तीला दुसऱ्या दिवशी तसंही त्या बाजूला जायचं होतं. ती दवाखान्यात पोचली तेव्हा कडूबा जागा होता. नंदाबाई कॉटच्या कडेला बसून मोसंबी सोलत होती.

"डाक्टरनं इचारलं, हे पानी किती पितेत," नंदाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, पितेत की, तांब्या भरून ठिवते रोज. तर हे काय म्हनले ठाव हे का? तांब्या खिडकीतून मागच्या कडुनिंबाला ओतीत व्हते. सात महिन्यांपासून. सकाळी एक गिलास अन् रातच्याला एक गिलास, बस."

"कशासाठी पण?" तृप्तीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

कडूबा छताकडे बघत म्हणाला, "पानी पेलं की जावं लागतं. जावं लागलं की पोराला हाक मारावी लागती. पोरगं दोनदा नेतं. तिसऱ्यांदा कसं म्हनायचं? त्याला बी काम हे."

नंदाबाई मोसंबी तशीच हातात धरून बसली.

तृप्तीनं स्टूल ओढलं. तिच्या पिशवीत त्याची फाइल होती. पहिल्या पानावर एक रकाना होता, 'रुग्णाला काय करायची इच्छा आहे'. त्यात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'शौचालयापर्यंत स्वतंत्र ये-जा.' हे त्याला कधी विचारलं होतं ते तिला आठवेना. कारण विचारलंच नव्हतं. बाथरूमचं दार मोजता मोजता तिनं ते स्वतःच भरून टाकलं होतं.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी मी फार बोलले. चुकलं माझं."

"तुमी बराबरच बोलल्या."

"नाही. मला सांगा, मागच्या दारानं का नाही?"

त्यानं सलाईनच्या नळीकडे पाहिलं. तिला वाटलं, आजही सांगणार नाही. मग त्यानं मान वळवली.

"म्या जालन्याला एमायडीसीत एकवीस वर्षं काढले. लोखंडाच्या मिलमधी. पुढचं गेट साहेब लोकाच्या गाड्याला. लेबर मागच्या गेटनं, भंगाराच्या ढिगाकडून. त्याचं मला काई वाटलं न्हाई, काम व्हतं, काम केलं. पंधरा दिसाला गावी यायचो. हे घर बांधलं तवा मिस्त्रीला म्याच म्हनलो, दार रस्त्यावर ठिव. मोठं. अन् जोतं दोन फूट घे."

"जोतं तुम्ही सांगितलं होतंत?"

"तर. मिस्त्री दीड फूट म्हनत व्हता. म्या म्हनलं, दोन फूट. रस्त्यावरून दिसलं पायजे." तो किंचित हसला. "रिटायर होऊन पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं व्हतं. येनाऱ्या-जानाऱ्याला या म्हनायचं. तर पायच गेला. आता पोतं ठिवत्यात तिथं झोपतो. ठीक हे. पर आपल्याच घरात बी मागून जाऊ का, मॅडम? त्यापरीस पोराच्या पाठीवर जातो ना, ते पुढून जातो."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोन?"



*

हरिओमला सांगणं सोपं नव्हतं. तो दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभा होता. तिनं सगळं सांगितलं, मिलचं गेट, जोतं, पुढचं दार. हरिओमनं ऐकून घेतलं, आणि मग त्याचा बांध फुटला.

"मॅडम, मी काय वाईट पोरगा हे का? सात महिने झाले, रोज दोन टाइम पाठीवर नेतो. कुठं लग्नाला गेलो न्हाई, मुक्कामी राह्यलो न्हाई. भोकरदनला दुसऱ्याच्या दुकानात बसून काम शिकलो. दोन साल झाले, आपलं दुकान आपलं दुकान करून राह्यलो. मागच्या हप्त्यात भिंत फोडून शटरचं माप देऊन आल्तो. आता तुमी म्हन्ता, तिथं उतार करा?"

"मी म्हणत नाही. काका म्हणतात ते सांगायला आले."

"मंग मागचं केलं ते?"

"ते एकदम बरोबर आहे. चूक माझी आहे. मी त्यांना न विचारता ठरवलं."

"आमाला तरी कुठं सांगितलं त्यायनं?" हरिओमनं कप टपरीवर आदळला. "पानी पीत न्हाई, हे सांगितलं न्हाई. मागून नको, हे सांगितलं न्हाई. आबाला तोंड हे ना? मला म्हनले असते, हरिओम, तिसऱ्यांदा ने, तर काय मी न्हाई म्हनलो असतो? पानी ओतून देत व्हते झाडाला! मी रोज बघायचो तांब्या रिकामा. खूश व्हायचो. म्हनायचो, चला, आबा चांगलं पानी पेऊन राह्यले."

त्याचे डोळे भरून आले. तो दुसरीकडे बघू लागला. टपरीवाला उगाच फडकं मारत राहिला.

आता या माणसाला काय सांगायचं? दुकान सोड म्हणायचं? ते सांगायचा तिला काय अधिकार होता? बापाला मागून जायला लाव म्हणायचं? तेही नाही. तिच्याकडे दाराची मापं होती, उताराची होती. या गोष्टीचं माप तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"तुम्ही ठरवा, हरिओमभाऊ," ती म्हणाली. "जे ठरवाल त्याचं माप मी देईन. घाई नाही."

"घाई न्हाई म्हन्ता," तो पुटपुटला, "अन् त्यो माणूस पानी पेयाचा थांबलाय."

*

त्यानंतर तीन आठवडे कुणाचा फोन नाही. तिनं एकदा लावला तर हरिओमनं उचलला नाही. तृप्तीनं मनाची तयारी केली होती. अशी घरं खूप होती. फाइल उघडी राहायची आणि माणूस त्याच खाटेवर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती धावड्याला उतरली ती केवळ तिकडच्या दुसऱ्या एका घराचं काम होतं म्हणून, आणि त्याच रस्त्यावर जंजाळांचं घर लागायचं म्हणून.

लांबूनच तिला दिसलं, पुढच्या चार पायऱ्या नव्हत्या.

कुंपणाच्या कडेनं उतार सुरू होत होता, कोपऱ्यात सपाट चौथरा, आणि तिथून पुढच्या भिंतीलगत दुसरा उतार थेट दारापर्यंत. डाव्या खोलीच्या भिंतीला शटरसाठी पाडलेलं भगदाड विटांनी बुजवलेलं होतं. सिमेंट अजून ओलसर दिसत होतं. राधेश्याम मिस्त्री पहिल्या उताराची पाळ घासत होता.

"मिस्त्री! दुसऱ्या उताराची पाळ कुठेय? चाक सरकलं तर माणूस खाली पडेल दोन फूट!" तृप्तीनं फाटकातूनच ओरडायला सुरुवात केली.

"आल्या," मिस्त्री म्हणाला. "मॅडम, आधी बघा तरी! चोवीस फूट हे. पाण्याची नळी लावून लेवल घेतली. पाळ उद्या करतो."

"आज करा."

हरिओम घरातून बाहेर आला. चेहरा उतरलेलाच होता. तिनं काही विचारायच्या आधी तो म्हणाला, "दुकान बाजूच्या गल्लीकडून काढतो. तिकून खिडकी हे, तिचंच दार करतो. रस्त्यावरून दिसनार न्हाई. बोर्ड लावावा लागंल. बघू." मग जरा थांबून चिडक्या सुरात म्हणाला, "फोन उचलला न्हाई. उचलला असता तर तुमी अजून कायतरी माप सांगितलं असतं."

"सांगितलंच असतं," तृप्ती म्हणाली. "वरच्या सपाट जागेला पाच फूट घेतलेत ना?"

"घेतले, घेतले."

कडूबा खुर्चीत बसून तयारच होता. दाढी केलेली, अंगात पांढरा सदरा. दवाखान्यातून आल्यावर तो वाळला होता, पण हात अजून मिलमधल्या कामाचे होते, जाड मनगटांचे. उताराचं सिमेंट आज सकाळीच वापरण्याजोगं झालं होतं, आणि मिस्त्रीनं पाळ होईपर्यंत थांबा म्हटलं तरी तो थांबायला तयार नव्हता. मिस्त्री आणि तृप्ती कडेला उभे राहिले, पाळ नव्हती त्या बाजूला. हरिओम खुर्चीच्या मागे गेला आणि सवयीनं त्यानं दोन्ही मुठी धरल्या.

"सोडा," तृप्ती म्हणाली. "मागे राहा. पण हात लावू नका."

"पडले तर?"

"पडणार नाहीत. पडले तर धरा."

कडूबानं चाकांना हात घातले. पहिला उतार तो थांबत थांबत चढला. दोन हात मारायचे, दम घ्यायचा, पुन्हा दोन हात. कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर त्यानं खुर्ची वळवली. एकदा चुकली, भिंतीला घासली, मागे घेऊन पुन्हा वळवली. नंदाबाई दारात उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. हरिओम बापाच्या मागे एक-एक पाऊल टाकत होता. दोन्ही हात पुढे केलेले, खुर्चीपासून चार बोटांवर, न लावलेले. त्या हातांचं आता काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. दुसऱ्या उताराच्या मध्यावर त्यानं ते खाली घेतले, मग पाठीमागे बांधले, मग पुन्हा पुढे केले.

दारासमोरच्या सपाट जागेवर कडूबा पोचला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. उंबरठा मिस्त्रीनं काढून सपाट केला होता. नंदाबाई बाजूला झाली. चाकं घरात गेली.

आतून चाकं फरशीवर फिरल्याचा आवाज आला, एकदा इकडे, एकदा तिकडे. हरिओम उताराच्या कडेलाच बसला. शटरच्या जागेवरच्या ओल्या विटांना पाठ लावून त्यानं कमरेवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

तृप्तीनं घड्याळ बघितलं. चारला दहा मिनिटं कमी होती. "निघते मी," ती मिस्त्रीला म्हणाली. "पाळ आज. उद्या नाही."

ती फाटकाकडे वळली तेवढ्यात मागून हाक आली.

"मॅडम."

कडूबा दाराच्या चौकटीत होता. खुर्ची त्यानं रस्त्याकडे तोंड करून लावली होती. मार्चपासून प्रत्येक फेरीला ती या घरात शिरली होती, चपला घालूनच, टेप घेऊन, खडू घेऊन. आणि तो पलीकडे पत्र्याखाली बसून बघत असायचा.

"अशा कशा चालल्या?" तो म्हणाला. "या. घरात या."

रस्त्यावरून शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला. तृप्ती क्षणभर थांबली, मग उतार चढून वर गेली, आणि दाराबाहेर तिनं चपला काढून ठेवल्या.